चिनूच्या एक्स-रेची तालीम

मंडळी, संध्याकाळ झालीय, आजचं सगळं लिहितोच.

चिनू, आमची सहा वर्षांची लेक, कालपासून पोट धरून बसली होती. डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे सांगितला. मी मोटर-मिक्सरची दुरुस्ती कुणाकडे शिकलो नाही, सगळं पाहून-वाचून. तशीच हिची तयारीही केली. करदोडा सोडला, पैंजण काढले, बिनबटणाचा फ्रॉक घातला. दिवाणावर निजवून श्वास रोखायची तीनदा तालीम घेतली.

बायको म्हणाली, "अहो, पोरीला एक्स-रेला नेताय की परेडला?"

चिनूने विचारलं, "पप्पा, मशीनला पोटातलं सगळं दिसतं?"

"बिल्कुल सगळं!" मी ऐटीत म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "मग मीच सांगते. ओरडू नका हं. तुमच्या दुरुस्तीच्या ट्रेमधल्या चमकणाऱ्या गोळ्या... दोन गिळल्या."

चुंबकाच्या गोळ्या! दोन गोळ्यांच्या मध्ये आतडं चिमटलं तर भोक पडतं, हे मी वाचलेलं. तिला तशीच उचलून निघालो.

आमच्या नानाखेडा भागातल्या दवाखान्यात पोचताच सगळं सांगितलं. एक्स-रेत दोन्ही जठरातच, एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून काढल्या. चिनू आता शांत झोपलीय.

त्या ट्रेवर मीच मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती, 'हात लावल्यास खैर नाही'. झाकण मात्र लावलं नाही. पोर नुकतीच वाचायला शिकलीय. ती धमकी वाचून घाबरली, म्हणूनच कालपासून गप्प होती.

चिठ्ठी फाडली, ट्रे कुलपात ठेवला. तुमची मुलं चूक झाल्यावर आधी तुमच्याकडे येतात का? खरं सांगा.