ट्रॉय ते स्टेट कॉलेज: वास्तववाद, निसर्गवाद आणि मी

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही आमच्या ट्रॉय शहरातून निघालो, तेव्हा माझा बेत पक्का होता. सहा-सात तासांच्या ड्राइव्हमध्ये लेकीचं मन नोकरीकडे वळवायचं. ईराला स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात अमेरिकन साहित्यात एमएला प्रवेश मिळाला होता, आणि ट्रॉयमध्येच गाड्यांच्या एका कंपनीत नोकरीही. सोमवारपर्यंत काय ते कळवायचं होतं. नवरा म्हणाला, "तुम्ही दोघीच जाऊन या." म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा.

टोलेडोनंतर ओहायोचा टोलरोड लागतो. थांब्यांवर स्वच्छतागृहं उत्तम, खाणं यथातथाच, म्हणून आम्ही थालीपीठं नेली होती. ती खाता खाता मी विषय काढला, "पण हे शिकून करणार काय?"

"रिअ‍ॅलिझम अँड नॅचरलिझम, आई. दॅट्स व्हॉट आय वाँट टु रीड."

वास्तववाद आणि निसर्गवाद. दुसऱ्यात झाडं-डोंगर असतील असं मला वाटलं, तर तसंही नाही. मला कळलं ते असं: वास्तववादी लेखक साध्या माणसांचं रोजचं जगणं लिहितात, आणि त्यांची माणसं चुकतमाकत का होईना, निवड करतात. निसर्गवादी म्हणतात, कसली निवड? रक्त, गरिबी, गाव, गिरणी यांनी माणसाचं सगळं आधीच ठरवलेलं असतं.

"आणि एकाच पुस्तकात दोन्ही असलं तर?"

"हॅपन्स ऑल द टाइम!"

झालं, सगळं डोक्यावरून गेलं. मन वळवायचं राहूनच गेलं.

जाणाऱ्यांसाठी: फुटबॉलच्या दिवसांत स्टेट कॉलेजला खोली मिळणं कठीण, एप्रिलमध्ये आरामात मिळते. कॅम्पसच्या बसने बरंच फिरता येतं. भारतीय दुकानं अगदी मोजकी, तेव्हा कढीपत्ता घरून न्या. विद्यापीठाच्या डेअरीतलं आईस्क्रीम मात्र चुकवू नका. साहित्य विभागातल्या प्राध्यापिका बाई ईराशी तासभर बोलल्या, आणि मी शेजारी बसून समजल्यासारखी मान डोलावली.

शनिवारी ईराने मला जवळची एक जुनी, लोखंड गाळायची भट्टी दाखवायला नेलं. "या लेखकांच्या कादंबऱ्यांतली माणसं अशाच जागी अडकतात," ती म्हणाली. तिथं माहिती द्यायला एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचे पणजोबा भट्टीवर राबले, आजोबा आणि वडील चुनखडीच्या खाणीत.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी पियानो दुरुस्त करायचो. पाठ दुखायची ना, खाणीत घेतलंच नाही."

आता ही निवड म्हणायची की पाठीचं दुखणं? ईरालाही सांगता येईना.

मग ती सहज म्हणाली, "तुझंही तसंच ना, आई? तुला मराठी लिटरेचर करायचं होतं, आजोबा नाही म्हणाले. टोटली नॅचरलिझम."

नागपूरची ही गोष्ट मीच तिला लहानपणापासून सांगत आले होते. पण त्या थंडगार दगडी भट्टीसमोर ती मला पुढे रेटवेना.

"बाबा नाही म्हणाले नव्हते गं," मी म्हणाले. "फॉर्म त्यांनीच आणून दिला होता. मीच घाबरले आणि कॉम्प्युटरला गेले. नंतर सगळ्यांना सांगत सुटले, की परिस्थिती तशी होती." मला भयंकर लाज वाटली.

 ती म्हणाली, "सो... मी घाबरून नोकरी घेतली, तर आय कान्ट ब्लेम यू?"



रविवारी आम्ही परत निघालो. वळणाचे रस्ते सुरेख होते म्हणे, मी काही पाहिले नाहीत. बोलायला जमवून ठेवलेले मुद्दे एकेक करून मलाच पटेनासे झाले होते.

संध्याकाळी घरी पोचल्यावर ईरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली आणि विद्यापीठाला हो कळवून मोकळी झाली. मला रडू आलं. आनंदाचं की भीतीचं, अजूनही सांगता येत नाही.

"आर यू हॅपी, आई?"

"माहीत नाही गं. पण उद्या हे कुणाला सांगशील, तेव्हा माझ्यासारखं, आई नाही म्हणाली होती असं सांगू नकोस."