फुली नसलेली खिडकी

आमच्या गुरुशांतला कुणी विचारलं, बाबा तू काम काय करतोस, तर तो सांगतो, "बटणं बसवतो." एकदा एक बाई खरंच शर्ट घेऊन आली होती. तेव्हापासून मी त्याला सांगून ठेवलंय, नुसतं कंप्युटरचं काम म्हणत जा.

मी त्याची मावशी, राजेश्वरी. माझं कडक भाकरीचं दुकान आणि समोर नागप्पाअण्णांचं पूजेच्या सामानाचं, सिद्धेश्वर पूजा भांडार. मधला रस्ता एवढा अरुंद की अण्णांना शिंक येणार असं दिसलं की मी आधी शेंगाचटणीवर झाकण घालते. तिथलं सगळं मला ऐकू येतं. कान देऊन ऐकायची गरजच पडत नाही.

गुरुशांत पुण्याहून नोकरी सोडून आला आणि त्यानं इथं जावाचा क्लास काढला. जावा म्हणजे कंप्युटरशी बोलायची भाषा. ती लिहून हा पडद्यावर खिडकी उघडतो आणि तिच्यात बटणं मांडतो. सगळं जग मोबाईलच्या मागं लागलंय, पण हा टेबलावरच्या कंप्युटरलाच चिकटून बसलाय. हट्टी मेला, आमच्याच घरचा.

त्या क्लासात अण्णांची मुलगी शिवलीला आली. हुशार पोरगी, बोलायला मोजकी. दोघांचं जमलं, आणि ते मला सगळ्यात शेवटी कळलं. तो राग अजून गेलेला नाही. तरीपण मी नवं लुगडं नेसून रीतसर अण्णांकडं मागणी घालायला गेले. अण्णा उदबत्तीचे पुडे रचत होते. मान वर न करता म्हणाले, "नाळे बर्री, अक्का. उद्या या."

गल्लीत सगळ्यांना ह्याचा अर्थ माहीत आहे. दुकानात लक्ष्मीसमोर नाही म्हणायचं नाही, ही अण्णांच्या वडिलांची शिस्त. कापूर संपला की उद्या या. धूप संपला की उद्या या. अण्णांकडं हत्ती मागितला तरी ते उद्या या म्हणतील. मी श्रावणापासून दिवाळीपर्यंत उद्या उद्या जात राहिले. मग कळलं की अक्कलकोटची मंडळी शिवलीलाला बघायला संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत येणार आहेत. पोरीचे डोळे सुजलेले मी पाहिले. माझा जीव तुटला.

गुरुशांतनं डोकं लढवलं. अण्णांना हल्ली कुठल्या फळीवर काय ठेवलंय ते आठवत नव्हतं. ह्यानं त्यांना माल शोधायचा प्रोग्रॅम करून द्यायचं ठरवलं. पोरगा रिकामटेकडा नाही एवढं तरी त्यांना दिसेल, असा हिशोब. वस्तूचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, फळी कळायची. अण्णा तयार झाले.

पहिल्याच सकाळी गिऱ्हाईक गुग्गुळ मागायला आलं. अण्णांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, बटण दाबलं आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. त्यांना सगळं मोठ्यानं वाचायची सवय. "माल शिल्लक..." म्हणाले आणि पुढं थांबले. पुढं लाल अक्षरांत 'नाही' होतं. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि कंप्युटरचं तोंड झाकून टाकलं. मी हसले, मग घाबरले. गुरुशांत धावत आला आणि दुपारपर्यंत तिथं 'उद्या या' बसवून दिलं. अण्णांनी टॉवेल परत खांद्यावर घेतला.

पुढच्या महिन्यात दुसरंच. कंप्युटर कण्हायला लागला, मग जागच्या जागी बसला. गुरुशांत जेवणखाण सोडून चूक शोधत होता. त्याला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलंय, झालं सगळं. शेवटी शिवलीलानं पाहिलं, तर प्रोग्रॅमच्या ढीगभर खिडक्या एकावर एक उघड्या! अण्णा रोज सकाळी नवी खिडकी उघडत होते आणि जुनी कधीच बंद करत नव्हते.

"अप्पा फुली मारत न्हाईत," ती म्हणाली. अण्णांना ती अप्पा म्हणते. "शेजारी देवाचं नाव हाय की."

खिडकीच्या वर दुकानाचं नाव, आणि त्याच्या कडेला बंद करायची लाल फुली. सिद्धेश्वराच्या नावाशेजारी फुली मारायची? अण्णा मेले तरी मारणार नाहीत. गुरुशांतनं कपाळावर हात मारून घेतला. मग त्यानं फुलीच काढून टाकली आणि खाली समईचं चित्र काढून बटण केलं, 'दुकान वाढवा'. अण्णा रोज संध्याकाळी त्या समईला हात जोडायचे आणि मग दाबायचे. आता कुठं ते खूश दिसत होते. पण लग्नाचं विचारलं की उद्या या.

यात्रा सुरू झाली. अक्कलकोटची मंडळी सकाळी येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. गुरुशांत माझ्या दुकानात भाकरीच्या चवडीमागं तोंड लपवून बसला होता. समोर अण्णांनी समईला हात जोडले, बटण दाबलं आणि सवयीनं वाचायला लागले.

"शिवलीलासाठी राजेश्वरीअक्कांना कधी बोलवायचं? आज. उद्या."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर तशीच पडली. मी गुरुशांतकडं बघितलं. तो पांढराफटक. देवाशपथ मी लिहिलं नाही म्हणाला.

अण्णांनी तो प्रश्नाचा चौकोन हलवून बघितला, हलेना. त्यात बटणं दोनच, आज आणि उद्या. उत्तर दिल्याशिवाय तो जाणार नव्हता, आणि फुली तर राहिलीच नव्हती. दुकान वाढवता येईना. तेवढ्यात शिवलीला आतून आली.

"मी लिहिलंय, अप्पा."

अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ह्यात 'नाही' कुठाय?" त्या दुकानात तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"आपल्या दुकानात तो ठेवत न्हाईत, अप्पा. तुमीच शिकवलं की."

अण्णांनी माऊस हलवला. बाण 'उद्या'कडं सरकला असणार, कारण शिवलीलानं डोळे मिटून घेतले. गुरुशांतनं माझा पदर घट्ट धरला, लहानपणी धरायचा तसा. तवा जळत होता आणि मला त्याचं काही नव्हतं.

मग बटणाचा आवाज आला. अण्णा रस्त्याकडं वळले.

"अक्का," ते म्हणाले, "या की."

मी पिठाच्या हातानंच रस्ता ओलांडला.