तबकडीवरचे सासरे

माझ्या टर्नटेबलचा आवाज आधी कसा होता आणि सुधारणांनंतर कसा झाला, हे मी आमच्या रविवारच्या मंडळात पुष्कळदा सांगितलं आहे. तिथे सांगतो तेव्हा त्यात सासूबाई नसतात. खरं तर त्यांना वगळलं तर या गोष्टीत पट्टा आणि सुई एवढंच उरतं.

टर्नटेबल मुळात सासऱ्यांचं. मी नाशिककडचा. मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आलो आणि तंजावरी मराठी घरातली मुलगी करून इथलाच झालो. सासरे एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत होते आणि संध्याकाळी कीर्तन करायचे. साकी, दिंडी, ओवी सगळं मराठीत, अर्थ तेवढा तमिळमध्ये. एका उत्सवात लोकांनी हौसेनं त्यांची एक तबकडी काढली. पुढे काही वर्षांतच ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. माझी बायको तेव्हा कॉलेजात होती. मी त्यांना पाहिलंच नाही. ऐकलं मात्र रोज, कारण सासूबाई तांबरमला आमच्याकडे राहायला आल्या त्या टर्नटेबल घेऊनच. सकाळी आंघोळ, मग कॉफी, मग तबकडी. आवाज भारदस्त, खर्जातला, एकेक शब्द तोलून टाकणारा. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मधूनच "अस्सं!" म्हणून दाद द्यायच्या. दिवसभरात त्या एवढ्या खूश दुसऱ्या कशानं होत नसत, माझ्यानं तर नाहीच.

मंडळाचा नाद मला कारखान्यातल्या एकानं लावला. रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, इडल्या हाणायच्या आणि तबकडीची एकच बाजू दोनदा ऐकायची, एकदा वायर बदलण्याआधी आणि एकदा नंतर. गाणं ऐकायला तिथे कुणी येत नाही, फरक ऐकायला येतात. गाणं कुणाचं होतं असं विचारलंत तर निम्मे लोक कव्हर शोधू लागतील. "पडदा उठला," एक म्हणतो. "पण ऊब गेली," दुसरा उसासा टाकतो. एका बँकवाल्यानं इडलीचं पीठ वाटायचा बंद पडलेला वेट ग्राइंडर फोडून त्याच्या दगडावर टर्नटेबल बसवलं आहे. त्याच्या मते त्यामुळे मृदंगाला वजन आलं. त्याच्या बायकोच्या मते ग्राइंडर बंद पडलाच नव्हता.

अशा संगतीत राहून माणूस शहाणा राहील, ही अपेक्षाच चूक. मला सासऱ्यांच्या टर्नटेबलची लाज वाटू लागली. आधी सुई बदलली, मग तबकडीखालचं रबर, मग आतल्या वायरी. सासूबाईंना यातलं काहीही कळलं नाही आणि मला कळल्यासारखं वाटलं, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. मग मंडळानं मला एक कागदी चकती दिली. तिच्यावर बारीक रेघा असतात. ती टर्नटेबलवर ठेवून फिरवायची आणि ट्यूबलाइटखाली पाहायची. वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. माझ्या रेघा मागे पळत सुटल्या. टर्नटेबल चांगलंच मंद फिरत होतं. मंडळात असा सन्नाटा पसरला की मला कुणाच्या तरी अंत्यदर्शनाला आल्यासारखं वाटलं.

जॉर्ज टाउनमधल्या एका बोळातून टर्नटेबल फिरवणारा नवा पट्टा आणला. जुना पार सैल पडला होता, तो कचऱ्यात टाकला. मोटर साफ केली, तेल घातलं. रेघा अशा थांबल्या की मी बायकोला हाक मारून दाखवल्या. ती म्हणाली, "छान आहेत रेघा," आणि परत स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर मी सासूबाईंना मोठ्या थाटात खुर्चीवर बसवलं आणि तबकडी लावली.

आवाज आला तो पातळ, चपळ, तरतरीत. ओवी तर नुसती धावत होती. सासूबाईंनी डोळे उघडले.

"कोण हो हा पोर?"

"अम्मा, तेच आहेत. तीच तबकडी."

"नव्हेत ते. माप्पिळ्ळै, माझी चेष्टा कां करता?" जावयाला त्या तमिळ रिवाजानं माप्पिळ्ळै म्हणतात, एरवी त्यात माया असते. मी त्यांना चकती दाखवली. थांबलेल्या रेघा दाखवल्या. यंत्रावर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या कानांवर, असा गहन प्रश्नही ऐकवला, आणि तोही कुणाला, तर ज्या बाईनं त्या माणसाशी संसार केला तिला. "तुमच्या रेघा बऱ्या असतील," त्या म्हणाल्या. "आमचे ते कुठे ठेवले ते सांगा."

मी काही बोलणार तोच स्वयंपाकघराच्या दारात बायको दिसली. हात पिठाचे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अप्पा असेच बोलायचे," ती म्हणाली. "असेच घाईघाईनं. मी विसरूनच गेले होते हो."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणावं तर इथे गणपतीही होता आणि मारुतीही. एकीला बाप सापडला होता आणि दुसरीचा नवरा हरवला होता. कारण साधं होतं. पट्टा रबराचा. चेन्नईच्या उकाड्यात तो दर वर्षी जरासा सैल पडत गेला आणि तबकडी दर वर्षी जराशी मंद. रोज ऐकणाऱ्याला ते कळणार कसं? सासरे गेले, पण तबकडीवर त्यांचं वय वाढतच राहिलं. आवाज जाड झाला, बोलणं संथ झालं, सासूबाईंच्या जोडीनं तेही म्हातारे झाले. आणि मी त्या सकाळी त्यांना एकदम पुन्हा चाळिशीत नेऊन बसवलं. समोर त्यांची ऐंशीची बायको, तिनं ओळखावं तरी कसं?

सासूबाईंनी तबकडी ऐकणं सोडलं. सकाळची कॉफी झाली की त्या खिडकीशी बसत आणि लोकल गाड्यांचे भोंगे ऐकत. जेवण कमी झालं. "वेण्डाम," नको, एवढंच उत्तर. मला त्यांची भीती वाटायची, तिच्या जागी आता त्यांची काळजी वाटू लागली, आणि ही सुधारणा मला मुळीच आवडली नाही.

मंडळाला सल्ला विचारला. एक म्हणाला, म्हातारीचे कान तयार करावे लागतील. ग्राइंडरवाला म्हणाला, दगड घाल. शेवटी मी वेग कमी-जास्त करायचं बटण असलेला एक कंट्रोलर आणला. लोक तो वेग अचूक व्हावा म्हणून घेतात. मी चुकवण्यासाठी घेतला, हे कळल्यावर मंडळात मला दोन रविवार कुणी चटणी वाढली नाही.

सासूबाईंना पुन्हा खुर्चीवर बसवलं. तबकडी लावली आणि बटण हळूहळू मागे फिरवू लागलो. त्या मान हलवत होत्या, नकाराची. "कोंचम," त्या म्हणाल्या, अजून थोडं. आवाज खाली उतरला. "कोंचम." मी फिरवत राहिलो. रेघा केव्हाच्या मागे पळायला लागल्या होत्या.

"पोदुम. पुरे." त्यांनी डोळे मिटले. "आले."

त्या दिवशी त्यांनी सांबार दोनदा मागून घेतलं.

तेव्हापासून आमच्याकडे दोन वेग आहेत. सकाळचा सासूबाईंचा. दुपारी त्या झोपल्या की बायको बटण पुढे नेते आणि हळू आवाजात तिच्या अप्पांना ऐकते. मीही बसतो. मंडळात कुणी विचारतं, आधीचं चांगलं की नंतरचं? मी म्हणतो, कोण ऐकतंय त्यावर आहे. त्यांना वाटतं, मी काहीतरी खोल बोललो.

परवा दुपारी मात्र ओवी रंगात आलेली असताना दारात सासूबाई. काठी टेकून उभ्या, केव्हापासून कोण जाणे. बायको दचकली. मी बटणाकडे हात नेला. त्यांनी मला काठीनंच थांबवलं आणि ओवी संपेपर्यंत ऐकलं.

"चांगला म्हणतो हा पोर," त्या म्हणाल्या. "यांचाच शिष्य असावा. चाल सगळी त्यांचीच घेतली आहे. घाई मात्र फार करतो."

मी सुई उचलून बाजूला ठेवली.

"रागावू नका त्याला. वय लहान आहे, होईल हळूहळू." मग लेकीकडे वळून त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, सकाळी ये. हे असतात तेव्हा."

"सांगते, अम्मा," बायको म्हणाली.