जिभेवाल्या काकांचं नाक

त्या वायनरीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. गेटवरच्या वॉचमनपासून मालकीणबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, जिभेवाले काका. काम काय, तर मोसमात मळ्याच्या ओळींतून हिंडायचं, इथला एक मणी, तिथला एक मणी तोंडात टाकायचा, आणि एक दिवस बाईंसमोर उभं राहून म्हणायचं, "उद्या कापा." की दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे कात्र्या घेऊन हजर. लोक म्हणायचे, वा, नोकरी असावी तर अशी! फुकटात द्राक्षं खायची आणि वर मानही मिळवायचा.

आता खरं सांगायचं तर काकांच्या जिभेत विशेष काही नव्हतंच. जे काय होतं ते नाकात. आणि ते नाक गेलं होतं.

गेलं कसं, तेही ऐका. रिकाम्या पिंपाला बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची धुरी देतात आणि बूच ठोकून वर खडूने फुली मारतात. काकांची सवय अशी, की पिंप दिसलं रे दिसलं की बूच उपटायचं आणि भोकाला नाक लावून छाती भरून वास घ्यायचा. फुली बघायला वेळ कुणाला आहे? त्या दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, मग कित्येक दिवस नुसता खोकला, आणि खोकला गेला तो जाताना नाक घेऊनच गेला. दुसऱ्या कुणावर ही पाळी आली नसती. कोण शहाणा माणूस पिंप हुंगत फिरतो हो? गोड-आंबट तेवढं कळायचं, पण डोळे मिटले तर तोंडात द्राक्ष आहे की साखरेचं पाणी, हे सांगता यायचं नाही.

तेव्हाच बाईंना सांगून मोकळं व्हायचं. पण नाही! राहती खोली वायनरीच्या आवारातली, त्यामुळे नोकरी गेली तर खोलीही जाणार. आणि त्याहून खरं म्हणजे लाज. काकूंना मात्र पहिल्याच जेवणात कळलं. भाजी खालून पार करपली होती आणि हे गृहस्थ म्हणाले, "छान झालीय, अजून वाढ."

मग काकूच चाखायला लागल्या. काका डब्याच्या पुडांत वेगवेगळ्या ओळींतली द्राक्षं आणायचे, काकू साल चघळून बी चावून सांगायच्या, "याला अजून हिरव्या गवताचा वास आहे. हे झालंय. हे उद्या-परवा." तेच काका दुसऱ्या दिवशी भुवया उंचावून, थोडं थांबून बाईंना सांगायचे. मोसमामागून मोसम गेले, कुणाला संशय आला नाही. काकूंना मात्र द्राक्षं बघितली की मळमळायला लागलं होतं.

यंदा हवेने सगळ्यांचीच परीक्षा पाहिली. पिकायच्या ऐन दिवसांत पाऊस, मग धुकं, मग एकाएकी भाजून काढणारं ऊन, आणि पुन्हा पाऊस. एकाच वेलावर एक घड हिरवा तर दुसरा फुटायला आलेला. आणि नेमकी याच वेळी लेक बाळंत झाली. तिचं सिझर करावं लागलं, जावई कामाने दूर देशी, हाताशी कुणी नाही. काकू तिच्याकडे गेल्या, काका एकटे राहिले.

"फोनवरून चाखू का मी?" काकू करवादल्या. "अहो, सांगून टाका ना एकदाचं! सांगा आणि इथे निघून या. हिला माणसांची गरज आहे, दोन खोल्या आहेत, आपण मावतो. मला आता ते चघळणं नको झालंय."

"सांगतो," काका म्हणाले. मनापासून म्हणाले. आता हे जोखड उतरवायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण सांगायची वेळ आली ती मळ्यात, सगळ्यांसमोर. बाई चिखलात बूट रुतवून उभ्या. प्रयोगशाळेतले साहेब म्हणत होते, "साखर भरली नाही, आठवडाभर थांबा." मुकादम म्हणत होता, "सड लागलीय, आजच कापा." आणि सगळे वळून काकांकडे बघायला लागले. काकांनी मणी तोंडात टाकला. गोड पाणी. दुसरा टाकला. गोड पाणी. 'बाई, माझं नाक गेलंय,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"उद्या कापा," काका म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे! त्या नजरांखाली आणखी क्षणभर उभं राहवत नव्हतं, एवढंच. घरी येऊन ते डोक्याला हात लावून बसले. द्राक्षं कच्ची निघतील, वर्षाची वाईन वाया जाईल, बाई हाकलून देतील. आणि खरं सांगू? त्या विचाराने त्यांना बरंच वाटलं. आपल्याच्याने सांगणं होत नाही, तर निदान आपोआप पकडले तरी जाऊ. त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वरच्या उताराची तोडणी झाली. शेवटचे क्रेट आत येतात न येतात तोच आभाळ फाटलं आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. आसपासच्या मळ्यांत वेलाला पान राहिलं नाही. यांच्याकडे मळ्याचा खालचा पट्टा तेवढा तोडायचा राहिला होता, त्यावर गारांसाठी जाळी होती म्हणून तोही वाचला.

काय तो जल्लोष! मुकादमाने काकांना उचलूनच घेतलं. साहेबांनी हात जोडले. बाईंचे डोळे भरून आले. "काका, तुम्ही नसतात तर मी देशोधडीला लागले असते. आता तुम्हाला कुठे जाऊ द्यायची नाही. पलीकडचा नवा मळाही तुमच्याच जिभेवर. आणि शेजारच्या खोलीची भिंत पाडून तुमचं घर मोठं करून देते, काकूंना सांगा."

या बाईला फसवायचं? बस्स झालं.

"बाई," ते म्हणाले, "मला वास येत नाही. माझं नाक कधीचं गेलंय. मी अंदाजाने बोललो. काहीच कळत नव्हतं मला."

साहेब खो खो हसत सुटले. मुकादमाने मांडीवर थाप मारली. "घ्या! म्हणे अंदाजाने!"

"अहो, शपथेवर सांगतो! माझी बायको चाखायची!"

यावर तर हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. बाईंनी डोळे पुसले. "किती हो विनय तुमचा, काका! आणि बायकोचंही कौतुक केलंत, वा! बरं, उद्या सकाळी खालचा पट्टा बघून ठेवा. परवा मला सांगा, कधी कापायचा."

काका खोलीवर आले, दार लोटलं आणि फोन लावला.

"सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं."

"मग?"

"हसले. कुणाला खरंच वाटलं नाही."

पलीकडे बाळ रडत होतं. काकू त्याला थोपटत असाव्यात, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"खालचा पट्टा राहिलाय ना अजून?" त्यांनी विचारलं.

"राहिलाय. पण तू येऊ नकोस. लेकीला उठतासुद्धा येत नाही. मी बघतो काहीतरी."

"काय बघणार तुम्ही? पुन्हा गारा पडायची वाट?"

काकूंनी फोन बाजूला धरला असावा, बाळाचं रडणं जरा लांब गेलं.

"धर गं बाळाला," काकू लेकीला म्हणत होत्या. "मला निघायला हवं."