दुसरा पाय

परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली, तिथे आम्ही पांढऱ्या उंदरांना झोपवून ठेवत असू. अतिदक्षता विभागातून माणूस वाचून बाहेर येतो, पण त्याच्या हातापायांत ताकद उरत नाही. ती कुठे जाते, हे शोधायचं होतं. बेशुद्ध उंदीर, नळीतून श्वास, शेजारी मी. ठरल्या वेळी त्याचा मागचा एक पाय हलवायचा, एवढंच माझं काम. दुसऱ्याला हात लावायचा नाही, तो तुलनेसाठी. शेवटी दोन्ही पाय तपासले की हलवलेला कमी सुकलेला निघे.

मग बाबांना न्यूमोनिया झाला आणि त्यांच्याही घशात नळी आली. संप होईपर्यंत ते गिरणीत कापड विणायच्या साच्यांपुढे उभे राहिले, संपानंतर दादरला फुलांच्या पाट्या वाहिल्या. निवांत बसलेले मला आठवतच नाहीत. झोपेचं औषध उतरलं की ते नळी ओढायला धडपडत. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू जागं करू या."

मी हात जोडले. "नको डॉक्टर, झोपू द्या त्यांना."

त्यांनी ऐकलं. दोष त्यांच्यावर ढकलत नाही; झोपेत काय होतं ते मला माहीत होतं. नर्सबाई म्हणाल्या, "बसलाच आहात तर पाय तरी हलवा त्यांचे." मी चादर सारखी केली. ज्या हातांनी उंदीर हाताळले, त्यांनी तसंच बापाला हाताळायचं, हे मला सोसेना.

नळी निघाल्यावर घरी आणलं, तेव्हा काळाचौकीच्या चाळीत त्यांना खुर्चीत बसवून जिना चढवला. त्यांना एकच हवं होतं: गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत आपल्या पायांनी जायचं. शेजारचा दारातून ओरडे, "मामा, मज्जा आहे! सगळं जागेवर!"

"ये, तू झोप इथे. मी जातो तुझ्या ड्युटीला," बाबा म्हणत.

आता मी रोज त्यांचे दोन्ही पाय हलवत होतो. एका दुपारी, आई बाजारात गेलेली असताना, सगळं सांगून टाकलं. उंदीर, डॉक्टर, चादर. ते छपराच्या पत्र्याकडे बघत ऐकत होते.

"त्या दुसऱ्या पायाचं काय रे झालं?"

"सुकला."

"आणि उंदराचं?"

मी त्यांच्या पायावरचा हात काढला.

"मारलात," ते म्हणाले. "मग माझं बरं आहे. चल, धर मला."

माझ्या खांद्यावर हात टाकून ते उंबऱ्यापर्यंत आले. तिथे गुडघे गेले. खाली बसलेल्या बाबांना मी मिठीत धरून उचललं. पाटीपेक्षाही हलके लागले.

"आईला यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. पडलो ते, की मी सांगितलं ते, हे मी विचारलं नाही.

गॅलरीच्या टोकापर्यंत ते पुढे कधीच गेले नाहीत. आई अजून येईल त्याला सांगते, "हा जाणकार होता म्हणून वाचले हे." मी तिथून उठून जातो.