विहिरीच्या पाण्याची कार्डं

रिद्धीच्या कार्डांवर यंदा फुलं उमटायला लागली होती, आणि ती तिनं काढलेली नव्हती.

आगाशीच्या बाजारातून आत वळलं की नरहरींची सोनचाफ्याची वाडी लागते. रिद्धी त्यांची सून. घराच्या मागच्या पडवीत, विहिरीकडे तोंड करून, तिचं टेबल होतं. टेबलावर एक जाड काच, शाईच्या डब्या, स्पंजाचे तुकडे आणि फवाऱ्याची बाटली. काचेवर शाई घासायची, वरून पाणी फवारायचं, शाईचे थेंब जमले की जाड पांढरा कागद त्यात अलगद टेकवून उचलायचा. तो वाळला की त्यावर पानाचा आकार कापलेला छाप ठेवून दुसरा रंग द्यायचा. मग छाप ओला करून परत कागदावर दाबायचा, उचलायचा आणि टिपकागदानं टिपायचं. पाणी लागलेल्या जागची शाई टिपकागदावर उतरते आणि पानाचा फिकट ठसा मागे राहतो. सगळ्यात शेवटी ब्रशनं पाण्याचे शिंतोडे. अशा कागदांवर लोक साखरपुड्याची, बारशाची आमंत्रणं लिहून घेत. रिद्धी मुळात अबोल. “तुझ्या वाटचं कार्डंच बोलून घेतात,” असं तिचा नवरा मयूर तिला चिडवायचा.

छाप ती जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापायची. त्यातला सगळ्यांत चांगला, चाफ्याच्या पानाचा, नरहरींच्या छातीच्या एक्स-रेतून कापलेला होता. साथीच्या वर्षी ते हॉस्पिटलात होते, तेव्हाचा. त्यांनीच तो आणून दिला होता. “माझ्या छातीचा फोटो ठेवून काय करायचाय? काप. निदान एखादं पान तरी उगवेल.”

नळाचं पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं विहिरीचं. फवाऱ्याची बाटलीही.

त्या दुपारी मर्लिन आली. पलीकडच्या आळीत नवरा प्लासिडसोबत राहणारी, जुन्या ओळखीची. तिच्या मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या समारंभाची कार्डं रिद्धीच करत होती. नमुना हातात घेऊन मर्लिन उजेडाकडे गेली.

“काय सुंदर गं! बर्फ पडल्यासारखं दिसतंय. काय टाकतेस यात?”

“काही नाही. पाणी.”

“चल, थापा मारू नकोस. मी घरी करून बघितलं. आमच्या पाण्यानं नुसते डाग पडले. प्लासिड म्हणतो, चहा सांडला काय?”

“तुझा हात जड आहे.”

“असेल. पण एवढं कर, हे जरा गुळगुळीत कर. नाव लिहून बघितलं तर पेन अडकतंय. खरखरतंय बघ.”

मर्लिन गेली. रिद्धीनं कार्डावरून बोट फिरवलं. खरंच खरखरत होतं. निळ्या शाईत थेंब पडला होता तिथं मधोमध एक पांढरा ठिपका आणि त्याच्याभोवती काट्याकाट्यांचं वर्तुळ. गेले कित्येक दिवस ती हे कौतुकानं बघत होती. आज पहिल्यांदा तिनं ते नीट पाहिलं, आणि तिला एकदम तिच्या बापाचं शेत दिसलं.

रिद्धीचं माहेर खाडीकाठचं. ती लहान असताना एका उधाणात बांध फुटला होता. पाणी ओसरल्यावर काळ्या मातीवर अशीच फुलं दिसली होती, पांढरी, काटेरी, उन्हात चकाकणारी. ती टाळ्या वाजवत धावली होती. तिच्या आयेनं, पुतळाबाईनं, तिला दंडाला धरून मागे ओढलं होतं. “नाचतेस काय? मीठ फुटलंय शेताला.” त्या शेतात पुढं बराच काळ भात पिकला नव्हता.

तिनं बोट जिभेला लावलं. मग बाटलीचं झाकण काढून तळहातावर पाणी ओतलं आणि चाखलं. समुद्रासारखं नव्हे, मीठ घातलेल्या पातळ पेजेसारखं.

आणि हे पाणी तर बाबांनी, तिच्या सासऱ्यांनी, चाखलं होतं.

या घरची रीत होती. होळी झाली की वाडीला उन्हाळी पाणी सुरू करण्याआधी घरातल्या मोठ्या माणसानं विहिरीची पहिली ओंजळ प्यायची. तो ‘गोडं आहे’ म्हणाला की मगच पाणी सोडायचं. यंदाही सगळे काठावर उभे होते. मयूरनं नवी मोठी मोटर बसवली होती, तिला हार घातला होता. बाबा ओंजळ प्यायले, ‘गोडं आहे’ म्हणाले आणि मयूरनं बटण दाबलं. त्यानंतरही येता-जाता ते घोट घेत होते.

मोटर आत्ताही चालू होती.

तिनं वाडीकडे पाहिलं. चाफ्याच्या नव्या कलमांची पानं कडेनं तपकिरी झाली होती, जणू कुणी उदबत्तीनं चटके दिलेत. काल बाबाच म्हणाले होते, “ऊन लागलंय. पाणी वाढवा.” आणि पाणी वाढवलं होतं. पानं जळत होती, म्हणून जास्त पाणी. जास्त पाणी, म्हणून पानं जळत होती.

ती कार्ड हातात घेऊनच धावत गेली आणि बटण बंद केलं.

पाटावर फावडं घेऊन उभे असलेले नरहरी वळले. “लाईट गेली?”

“मी बंद केली.”

“अगं, मागच्या आळ्यांत पोचलं नाही अजून.”

“पाणी खारं झालंय, बाबा.”

“काहीतरीच काय. सकाळी चाखलंय मी.” ते वाकले, पाटातली ओंजळ उचलली, घोट घेतला. “गोडं आहे.”

त्यांनी घोट तोंडात घोळवलाच नाही, गोळी गिळावी तसा गिळला. रिद्धी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मागं एकदा ती आमटीत मीठ घालायलाच विसरली होती. मयूरनं पहिल्याच घासाला ताट सरकवलं. बाबांनी मात्र ‘झकास’ म्हणत आणखी वाढून घेतली. सुनेचं मन राखलं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

“बाबा, त्या दिवशीची आमटी अळणी होती.”

नरहरींनी फावडं मातीत रोवलं आणि त्यावर दोन्ही हात टेकले.

“तुम्हाला कळलं नव्हतं ना?”

ते पाटातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, “हॉस्पिटलातून आलो तेव्हापासून काही लागत नाही जिभेला. वाटलं, येईल चव परत. मग होळी आली. सगळे भोवती उभे. माझ्या बापाची विहीर. काय सांगणार होतो?”

रिद्धीनं हातातलं कार्ड पुढं केलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, खरखर त्यांना कळली. त्यांचा अंगठा तिथंच थांबला.

संध्याकाळी मयूर कामणच्या गोदामातल्या नोकरीवरून आला आणि सगळं ऐकून पायरीवरच बसला. पूर्वी विहिरीचा खालचा कातळ दिसला की नरहरी उपसा थांबवायचे, विहिरीला पुन्हा भरू द्यायचे. नव्या मोटरपुढं कातळ रोजच उघडा पडत होता. गोडं पाणी हटलं, आणि त्या जागी जवळच्या खाडीचं पाणी आत आलं.

“तुम्ही गोडं म्हणालात म्हणून मी चालू ठेवली,” मयूर म्हणाला.

“हो,” नरहरी म्हणाले.

सकाळी रिद्धी पडवीत आली तर टेबलावर एक तांब्या होता आणि स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, सासरे बसले होते.

“प्लासिडच्या विहिरीचं आहे. खाडीपासून लांब आहे ती. देतो म्हणालाय, पाईप टाकून घ्या म्हणाला. पण आता मी चाखून उपयोग नाही.” त्यांनी तांब्या तिच्याकडे सरकवला. “तुझ्या शाईवर टाक.”

“मी चाखते की.”

“चाख. पण मला बघायचंय.”

तिनं काचेवर निळी शाई घासली, कागद टेकवून उचलला, चाफ्याच्या पानाचा छाप ठेवून रंग दिला. मग तांब्यात ब्रश बुडवून शिंतोडे मारले. दोघं कागद वाळायची वाट बघत बसले. थेंब पसरले, कडा धूसर झाल्या आणि कागद सुकला. ना फूल, ना काटे. मधे नुसते फिकट डाग, चहा सांडल्यासारखे.

नरहरींनी अंगठा फिरवला. कागद गुळगुळीत होता. मग सवयीनं त्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायले आणि सुनेकडे पाहिलं.

तिनंही एक घोट घेतला, तोंडात घोळवला. “गोडं आहे,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. “मयूर, पाईप बाहेर काढ, जोडायचाय,” असं आत ओरडून ते उठले. पडवीच्या पायरीवर थांबून म्हणाले, “कलमं किती वाचतील, सांगता येत नाही. आणि मर्लिनला तर ते बर्फाचं हवं होतं.”

“तिला सांगेन,” रिद्धी काच पुसत म्हणाली, “तुमच्याच विहिरीचं पाणी आहे, डागच पडणार.”