थांब, बांधावर येऊ दे

धुळ्यातल्या आमच्या घरी दाराजवळ एक बॅग कायम भरलेली असते. दोन ड्रेस, चार चार्जर, एक्सटेन्शन बोर्ड, एक शाल आणि शेवेचा डबा. फोन, घड्याळं, कानात घालायची यंत्रं, शेतातल्या पंपाच्या पेट्या, असं जे काही नवं निघतं ते वापरून बघायचं आणि ब्लॉगवर मराठीत लिहायचं, हा माझा उद्योग. त्यापायी महिन्यातले बारा-पंधरा दिवस मी बाहेरच असते. सासूबाई शेजारणींना सांगतात की सून मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. पहिली दोन वर्षं मी त्यांना समजावून सांगितलं, मग हात टेकले. कोपऱ्यावरचा रिक्षावालाही आता बॅग बघून फक्त विचारतो, "आज कोनतं गाव शे, ताई?"

गावं बरीच असतात. चाळीसगावच्या फलाटावर कुठला सॉकेट चालतो आणि कुठला नुसता भिंतीची शोभा आहे, हे मला स्टेशन मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत सॉकेट नेहमी पलंगाच्या मागेच असतो, आणि रात्री फोन चार्ज करायचा तर पलंग ओढावा लागतो, हेही. फोन बाजारात आणण्याचे कार्यक्रम ज्या हॉलमध्ये होतात तिथे इतकी थंडी असते की शाल त्यासाठीच. स्टेजवरचा माणूस "आपला खेड्यातला शेतकरी" असं म्हणतो आणि मागच्या पडद्यावर फेटा बांधलेला, चकचकीत दातांचा एक गृहस्थ फोन हातात धरून हसतो. त्याच्या पायाला मी अजून एकदाही चिखल पाहिलेला नाही. तरी हे सगळं मला मनापासून आवडतं. नवं खोकं उघडताना आजही माझे हात शिवशिवतात, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

या सगळ्या धावपळीत एक फोन ठरलेला असतो, अक्काचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. रावेरकडच्या आमच्या गावातच तिला दिलेलं. भाऊजी गेले त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून तीन एकर केळीची बाग ती एकटी बघते. कापणीला, बांधणीला माणसं येतात, पण पाणी ती कुणाच्या हातात देत नाही. मी कुठूनही फोन लावला की तिचं पहिलं वाक्य एकच, "थांब, बांधावर येऊ दे." कारण केळी वाढली की बागेत रेंज राहत नाही. आवाज तुटतो, नुसतं खरखरतं. मग पलीकडून पानं बाजूला सारल्याचा आवाज, अक्काचा श्वास, चपला, आणि एकदम मोकळा वारा. तिथून पुढे बोलणं. आमच्याकडे सगळेच असं करतात. बांधावर उभा राहून मोठ्याने बोलणारा माणूस दिसला की समजावं, हा बागेत होता.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका कंपनीने मला पेटी पाठवली. पंपाच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडायची, आत सिमकार्ड घालायचं. थ्री फेज लाईट, म्हणजे मोटारीला लागणारी वीज, आली की पेटी आपल्याला मेसेज करते, आपण फोनवर बटण दाबलं की मोटार चालू होते, आणि तसा मेसेज परत येतो. घरात बसून ठिबक सुटतं. असली वस्तू तपासायला अक्काच्या बागेहून चांगली जागा कुठली? मृगबागेची, म्हणजे जूनमधल्या केळीची, लावण नुकतीच झाली होती. अक्काचं घर बागेला लागूनच; तिच्या ओट्यावर बसून मी दिवसभर बटण दाबत राहिले आणि मोटार दिवसभर माझं ऐकत राहिली. शेवटी अक्का म्हणाली की मोटार जाळशील तेव्हाच उठशील वाटतं. पेटी तिच्याकडेच ठेवली आणि त्या रात्री मी लेख लिहिला. "केळीवाल्यांनी डोळे झाकून घ्यावी," हे त्यातलं शेवटचं वाक्य. मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

हिवाळ्यात अक्काच्या लेकीकडून, पुण्याच्या माझ्या भाचीकडून, गोड बातमी आली. तिचं पहिलंच बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं, म्हणजे अक्कानेच पुण्याला जायचं, तेही सव्वा महिना. आणि दिवस भरत होते भर उन्हाळ्यात, बागेत घड लटकलेले असताना. त्या उन्हात दोन दिवस पाणी चुकलं तर पानं भाजतात, घड पोसत नाही, वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत वाळते. भाऊजी गेल्यापासून अक्का दोन रात्रींच्या वर गावाबाहेर राहिली नव्हती. भाचीने मात्र एवढंच मागितलं होतं, की त्या वेळी आई जवळ असू दे. अक्काने तिला शब्द दिला, आणि तो माझ्या पेटीच्या भरवशावर दिला. मावशीने लिहिलंय ना, मग झालं, असं ती पोरीला म्हणाली.

अक्का निघायच्या आठ दिवस आधी मी गाव गाठलं, सगळं एकदा बघून घ्यावं म्हणून. चहा घेत ओट्यावर बसले आणि फोनवरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. "पेटी संपर्कात नाही." बागेत जाऊन सिम काढून बदललं, परत ओट्यावर आले, तरी तेच. तेव्हा मला दरदरून घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. कारण पौषापासून चार-पाच वाचकांनी मला लिहिलं होतं की ताई, पेटी हल्ली लागत नाही. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, सिम बदलून पाहा. एकाला तर, रिचार्ज केलाय ना, असं खोचकपणे विचारलं होतं.

अक्काला विचारलं, ही बंद कधीपासून आहे? तिला काय माहीत? पावसाळ्यात पाण्याची गरज नव्हती. नंतर ती रोज बागेत जातच होती, हातानेच मोटार लावत होती. पेटीवर धूळ नको म्हणून तिने खताची पिशवी चढवून ठेवली होती. "रोज जिच्यापाशी जाते तिले फोन कायले लावू?" असं तिचं म्हणणं.

कंपनीत फोन लावून मी तिथल्या माणसाला चांगलंच झापलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला की तपासून दहा मिनिटांत फोन करतो. तोवर मी पुन्हा मोटारीपाशी गेले, पिशवी काढली, वायरी हलवून पाहिल्या, पेटीच्या डोक्यावरची बोटभर ॲन्टेना पुसली. चहूबाजूंनी केळी, माझ्या दुप्पट उंच, वर पानांना पानं भिडलेली. तेवढ्यात त्याचा फोन आला. दोन शब्द ऐकू आले, मग खरखर. मी पानं सारत चालायला लागले आणि जोरात म्हणाले, "थांबा, बांधावर येऊ द्या."

बोलले आणि जागच्या जागी उभी राहिले. केळीच्या खोडात, पानात नुसतं पाणी, आणि पाणी रेंज खातं, हे मी स्वतः एका लेखात समजावून सांगितलं आहे. जन्मभर हे वाक्य ऐकलं, म्हटलं. आणि पेटी बसवली कुठे, तर बागेच्या ऐन मध्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिला कोण बांधावर आणून बोलायला लावणार होतं?

अक्का मागेच उभी होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "तू आली तवा केयी गुडघ्याइतकी व्हती," ती म्हणाली, "ओट्यावरून मोटारीचे पत्रे दिसत. आता दिसता का?" आणि हसायला लागली ती खाली बसेपर्यंत. केळीच्या घरची लेक, आणि केळी वाढते हे विसरली. मला इतकी लाज वाटली की रडूच आलं. माझ्या फजितीचं नव्हे, ते चाललं असतं. पण भाचीला दिलेला शब्द माझ्या वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य मी चुकीच्या महिन्यात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन कॅमेरे बसवणाऱ्याच्या दुकानातून पंधरा मीटर वायर आणि वेगळी ॲन्टेना आणली. घडांना टेकू द्यायचे बांबू बागेत होतेच. दोन बांबू एकाला एक बांधले, टोकाला ॲन्टेना लावली आणि पानांच्या वर काढली. ओट्यावरून बटण दाबलं, मोटार लागली. मी अक्काकडे विजयी मुद्रेने पाहिलं. अक्का काही विरघळली नाही. ओट्यावरून मागच्या वेळीही लागली होती, असं म्हणाली, आणि तिने स्वतःची परीक्षा ठरवली. "मी रावेरले जाते, तठून दाबते. तू बागेत बस. पानी आलं तं मी पोरीकडे जाईन, नही तं नही."

ती बसने गेली. मी बागेत ठिबकच्या एका नळीपाशी उकिडवी बसले. हातातल्या फोनला रेंज नव्हती. अक्का पोचली का, तिने दाबलं का, काही कळायला मार्ग नाही. नाना तऱ्हेची यंत्रं तपासणारी मी, त्या दिवशी नळीच्या एका भोकाकडे टक लावून बसले होते. गार सावली होती, कुठेतरी सुकं पान गळत होतं. अर्धा तास गेला असेल, तासही असेल. मग दूर मोटार घुमली, नळी थोडी फुगली, भोकातून आधी हवा फुसफुसली, आणि एक थेंब आला. त्याच्यामागून दुसरा. इतका आनंद मला कुठल्याही फोनने अजून दिलेला नाही.

अक्का पुण्याला गेली. मी ब्लॉगवर नवा लेख लिहिला की पेटी तपासताना मी केळीची उंची विचारात घेतली नव्हती, चूक सर्वस्वी माझी, आणि ॲन्टेना पानांच्या वर काढा. ज्याला रिचार्जवरून टोचलं होतं त्याची नाव न घेता माफी मागितली. त्याचंच उत्तर पहिलं आलं. ताई, आम्ही तर संक्रांतीलाच ॲन्टेना बांबूवर चढवली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

दोन आठवड्यांनी मी बंगळुरूला होते. तोच थंड हॉल, तीच शाल, पडद्यावर तोच दातवाला शेतकरी. पेटीचे मेसेज अक्काच्या फोनवर जात तसे माझ्याही फोनवर येत. रोज सकाळी "थ्री फेज आली" आणि पाच मिनिटांच्या आत "मोटार चालू". पुण्यातून अक्काने एकही दिवस चुकवला नव्हता. त्या दिवशी मात्र भाचीला पहाटेच दवाखान्यात नेलं होतं आणि अक्का फोन उचलत नव्हती. जावईही उचलत नव्हते. थ्री फेज आल्याचा मेसेज आला. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्धा तास गेला. स्टेजवर कॅमेऱ्याचं कौतुक चाललं होतं आणि मी मांडीवरच्या फोनकडे बघत होते.

बटण माझ्याही फोनवर होतं. दाबलं असतं तर बागेला पाणी मिळालं असतं. बोट दोनदा बटणाशी नेलं आणि मागे घेतलं. पाणी आणखी तासभर थांबलं असतं तर चाललं असतं. अक्का कशात असेल, कशी असेल, हे मला दुसरं कुणी सांगणार नव्हतं, ते तिच्या हातून मोटार लागली तरच कळणार होतं, आणि मी दाबलं असतं तर तेही कळलं नसतं.

चाळीस मिनिटांनी फोन थरथरला. "मोटार चालू."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारी बसलेला दिल्लीचा लेखक माझ्याकडे बघून भारावला. त्याला वाटलं, कॅमेऱ्यामुळेच. मी बाहेर आले तोवर अक्काचाच फोन आला. मागे गलका, भांडी, कुणाचं तरी हसणं. "थांब, बाहेर येऊ दे," ती म्हणाली. चपला वाजल्या, दार वाजलं.

"सगळं नीट झालं ना," मी म्हटलं. "कळलं मला."

"कोनं सांगतलं तुले?"

"मोटारीनं."

अक्काने नाक ओढलं. मग म्हणाली, "पोरगी झाली. आन पानी सुटलं ना?"